सहल दसऱ्याच्या आधी : नायगावचे मोर आणि शाळेच्या मैदानावरचा एक मुक्काम



प्राणी, निवारा, नद्या हे घटक परिसर अभ्यासात आपण सगळेच शिकवतो. या वर्षी मी ते वर्गाबाहेर नेले. दिवसा नायगावच्या मयूर अभयारण्यात सोपी पायी भटकंती आणि रात्री शाळेच्याच मैदानावर मुक्काम. वर्ग तिसरी-चौथीचा. काय केलं, कुठं चुकलं आणि तुम्हाला करायचं असेल तर काय सांभाळावं लागेल, ते लिहिते आहे.

सुरुवात पालक सभेपासून करते. मी फळ्यावर 'निसर्ग शिबिर' असं लिहिलं, शेजारी तंबूचं चित्र काढलं आणि मुलं एक रात्र उघड्यावर राहिली की काय काय शिकतात ते सांगायला लागले. स्वावलंबन, धाडस, निसर्गाची ओळख वगैरे. मागं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, आमची लेकरं सहा महिने उघड्यावरच राहत्यात. आन् तुम्ही त्यांना मुद्दाम उघड्यावर झोपवता व्हय?"

सगळे हसले. मीही हसले, पण उत्तर काही सुचलं नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमचा शिरूर कासार तालुका ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड. कारखान्याच्या थळावर बांबू, चटई, ताडपत्रीची कोपी घालून संसार मांडायचा आणि पाडव्याच्या आसपास परत यायचं. काही मुलं आजी-आजोबांजवळ, हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावात राहतात. काही आईबापाबरोबर जातात.

आणि आपल्या शाळांच्या सहली कधी निघतात? डिसेंबर-जानेवारीत. थंडी असते, पाऊस नसतो, अभ्यासक्रम बऱ्यापैकी झालेला असतो. त्या आजींच्या प्रश्नानंतर घरी येऊन मी मोबाईलमधले जुन्या सहलींचे फोटो काढून बसले. एकाही फोटोत थळावर जाणारी मुलं नव्हती. इतकी वर्षं मीच फोटो काढत होते आणि मलाच ते दिसलं नव्हतं.

म्हणून तारीख बदलली. गणपती उठल्यावर आणि दसऱ्याच्या आधी. "पितृपक्षात कसली सहल?" असं दोघा-तिघांनी विचारलं. मी म्हटलं, आपण लग्न ठरवायला निघालो नाही, मोर बघायला निघालो आहोत. चाललं.

नायगावच का?

नायगाव मयूर अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात, शेजारच्या पाटोदा तालुक्यात आहे. १९९४ साली ते जाहीर झालं. क्षेत्र साधारण ३० चौरस किलोमीटर. बालाघाटाच्या डोंगररांगेतलं हे कोरडं, काटेरी जंगल. बाभूळ, खैर, बोर, कडुनिंब, मधूनच सीताफळीची झुडपं. महाबळेश्वरसारखी दाट सावली इथं शोधू नका. पण गर्दी नाही, दुकानं नाहीत, भोंगे नाहीत. लहान मुलांना चालायला चढ फार नाहीत. आणि सप्टेंबरमध्ये हे जंगल हिरवं असतं. डिसेंबरात गेलात तर निम्मं वाळलेलं दिसेल. तेव्हा तारीख बदलल्यानं नुकसान काहीच झालं नाही, उलट फायदाच झाला.

हे अभयारण्य आहे, बाग नव्हे, हे आधी स्वतःला आणि मग मुलांना सांगा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आग पेटवता येत नाही, आतली कोणतीही वस्तू उचलून आणता येत नाही. वन विभागाच्या कार्यालयात शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, मुलांची संख्या लिहा आणि सोबत वनरक्षक मिळेल का ते विचारा. मुलांना आत मुक्कामाला नेण्याचा विचारच मी केला नाही. रात्र शाळेच्या मैदानावर काढायची हे म्हणूनच आधीपासून ठरलेलं होतं. गाडीचं म्हणाल तर एसटी महामंडळ शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देतं. आगारात पत्र आधी देऊन ठेवा.

चालताना

एकूण चालणं ३-४ किलोमीटरच ठेवलं. प्रत्येकाकडे एक लिटर पाणी, पायात बंद बूट किंवा निदान मागून पट्टा असलेली चप्पल, आणि पूर्ण पँट. कारण कुसळं! या दिवसांत गवताची कुसळं कपड्यांत अशी घुसतात की घरी गेल्यावर आया आपल्यालाच बोलतात.

पहिलं काम, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि कानावर पडेल ते लिहायचं. चौथीच्या मुलांना पाच मिनिटं म्हणजे जन्मठेप. पहिल्या वेळी दोन मिनिटांत कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या वेळी जमलं आणि तेव्हाच मोर ओरडला. मोराच्या ओरडण्याला केका म्हणतात. मोरोपंतांनी आपल्या काव्याला 'केकावली' हे नाव त्यावरूनच दिलं. मुलांना हे सांगितलं तर एकानं विचारलं, "मग मांजरावानी का वरडतो?" प्रश्न रास्त आहे. ऐकायला ते 'म्यांव'च्याच जवळचं आहे.

मोर दिसले, पण लांबून. नाच वगैरे काही दिसला नाही. तो दिसेल असं मुलांना आधी सांगू नका, हिरमोड होतो. दिसलं ते एवढंच की पिसारा आखूड झालेला, विस्कटलेला होता. पावसाळा सरत आला की मोराची लांब पिसं गळतात आणि पुढच्या हंगामापर्यंत नवी येतात. ज्याला आपण शेपूट समजतो तो पिसारा शेपटीच्या वरच्या पिसांचा असतो. खरी शेपटी त्याच्याखाली, आखूड आणि तपकिरी. मोर पिसारा उभारतो तेव्हा तीच मागून त्याला टेकू देते.

वाटेत एका मुलीला एक पूर्ण पीस सापडलं. तिनं ते फ्रॉकच्या घेरात लपवलं. का, तर वहीत ठेवून त्याला पिल्लू होतं का ते बघायचं होतं. (मीही लहानपणी खडूची पूड घालून वाट पाहिली आहे. तुम्हीही पाहिली असेल.) सोबतच्या वनरक्षकांनी तिला न रागावता समजावलं, की आपोआप गळलेलं पीस घरी असणं गुन्हा नाही, पण अभयारण्यातून काहीच न्यायचं नसतं. मग आम्ही ते पीस तिथंच बघितलं. पुढून निळं-हिरवं, उलटं केलं की साधं तपकिरी. पिसात निळा रंग मुळात नसतोच. पिसाची सूक्ष्म रचना अशी असते की तिच्यावर पडलेला उजेड आपल्याला निळा-हिरवा दिसतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, त्यातलाच हा प्रकार. मुलीनं पीस स्वतःच्या हातानं जागेवर ठेवलं. रडली थोडी. ते होणारच.

नद्यांचा घटक मात्र इथं फारच छान उलगडला. आमच्या शिरूरजवळून वाहणारी सिंदफणा याच पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. मांजराही इथलीच, गवळवाडीजवळची. दोघी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन गोदावरीला मिळतात. आणि याच तालुक्यात सौताड्याच्या धबधब्यातून खाली पडणारी विंचरणा जाते सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. वहीचं पान मधोमध दुमडून त्याचा डोंगर केला आणि दुमडीवर बाटलीतलं पाणी थेंबथेंब टाकलं. कोणता थेंब कुठं जातो ते मुलांनी बोट ठेवून सांगितलं. नकाशा भिंतीवर लावून मी हा भाग गेली कित्येक वर्षं शिकवते. इतक्या लवकर तो कधी समजला नव्हता.

मुक्काम

संध्याकाळी शाळेत परतलो. मी एका ओळखीच्याकडून घुमटासारखा तयार तंबू उसना आणला होता. माहितीपत्रक बघत बघत तो उभा करायला मला आणि दोन पालकांना पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात पलीकडं पाच मुलांनी बांबू, जुनी ताडपत्री आणि सुतळी घेऊन कोपी उभी केली होती.

त्यांचा म्होरक्या होता तो मुलगा वर्षातला निम्मा काळ वर्गात नसतो, त्यामुळे वाचनात मागं आहे. प्रकट वाचनाला उभं केलं की पुस्तकात तोंड खुपसतो. तो मला सांगत होता, "मॅडम, दार वाऱ्याकडं नका करू. आन् भवतीनं चर खांदा, पाणी आत येतंय." मी म्हटलं, पाऊस कुठं आहे? रात्री अकराला सर आली. माझा तंबू एका बाजूनं भिजला. कोपी कोरडी. तंबूतली मुलं कोपीत गेली.

त्याआधी जेवण झालं. तीन दगडांची चूल, पिठलं-भाकरी. एका मुलीनं चुलीचं तोंड फिरवल्यावर धूर डोळ्यांत जायचा थांबला. मग 'निवारा' घटकासाठी आम्ही शब्द गोळा केले. आपल्याकडे 'कॅम्प' या शब्दाची वाट कुणी बघत बसलं नव्हतं. मुक्काम, दिंडीतली राहुटी, भटक्यांचं पाल, मेंढपाळांचा वाडा, थळावरची कोपी. प्रत्येक शब्द कुणाच्या ना कुणाच्या घरातून आला. कोण तिथं राहतं, किती दिवस, कशासाठी, हे तीन रकाने करून मुलांनी तक्ता भरला.

इथं एक सावधगिरीची सूचना. "तुमच्या कोपीचा अनुभव सांगा पाहू" असं कुणालाही नाव घेऊन उभं करू नका. मी एकदा ती चूक केली. एक मुलगी खाली बघत म्हणाली, "आम्ही गावातच असतो." ती दर वर्षी जाते, हजेरीपट सांगतो. मी पुढं काही विचारलं नाही. सांगायचं ते मुलं कामातून सांगतात, कोपी बांधताना, चूल लावताना. तेवढं पुरे.

झोपायच्या आधी मी त्या म्होरक्याला सहज विचारलं, "इथली कोपी बरी का तिथली?"

"इथली."

"का रे?"

"इथं रातचं गाडी भरायला उठवत न्हाईत."

आजींना द्यायचं उत्तर मला यापेक्षा बरं सापडलेलं नाही.

सापांबद्दल, नीट वाचा

मुलांचं सगळंच ज्ञान बरोबर असतं असं नाही. "उशाला कांदा-लसूण ठेवला की साप येत नाही," असं तिघांनी ठामपणे सांगितलं. येतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते, दंशाची खूण दिसेलच असं नाही आणि फारसं दुखतही नाही. त्यामुळे मच्छरदाणी हवीच, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेल्या हव्यात. रात्री लघवीला जाताना बॅटरी आणि सोबत मोठं माणूस. अंथरुण घालण्याआधी आणि सकाळी चपला घालण्याआधी झटकणं, ही सवय मात्र थळावरच्या मुलांना आपल्यापेक्षा पक्की आहे.

दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं तर नाहीच. अवयव न हलवता १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय. सर्पदंशाची लस जवळ कुठं आहे ते मुक्कामाच्या आदल्या दिवशी जाऊन विचारून या. सापांबद्दल आणि जखमी प्राण्यांबद्दल मुलांना आणखी दाखवायचं असेल, तर आपल्याच तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' हे वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र आहे.

मुलींच्या मुक्कामाबद्दल पालक काळजी करतात, ती योग्यच आहे. मी चार आयांना मुक्कामालाच बोलावलं. वर्गखोली उघडी ठेवली, ज्यांना आत झोपायचं त्या आत झोपल्या. स्वच्छतागृहाचा दिवा रात्रभर चालू होता. आदल्या दिवशी तो बंद पडलेला होता, हे मुद्दाम तपासलं म्हणून कळलं.

नंतर

वर्गात आम्ही एक तक्ता लावला : 'आज मोर ओरडला का?' तारीख, वेळ, ठिकाण, कुणी ऐकला. शिवारात मोर आहेतच. बाजरीत घुसतात म्हणून शेतकरी वैतागलेलेही असतात, तेही शेऱ्यात येतं. दसऱ्यानंतर नोंदी निम्म्यावर आल्या, कारण वर्गच निम्मा झाला. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दिलं. त्याबरोबर मी घडी घालून एक-एक कोरा तक्ताही दिला. फार अपेक्षा नव्हती.

दिवाळीनंतर एका रात्री मोबाईलवर आवाजी संदेश आला. आईच्या फोनवरून, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "मॅडम, इथं बी मोर वरडतो. सांजच्याला. फडाच्या कडंला. ल्हिवा."

दुसऱ्या दिवशी मुलांनी तक्त्यात ओळ भरली. ठिकाणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर थोडा वाद झाला. कुणी म्हणालं कारखान्याचं नाव लिहू, कुणी म्हणालं गावाचं. शेवटी एकीनं 'ऊस' एवढंच लिहिलं आणि वेळ टाकली.