नसलेल्या कार्डाचा ड्रायव्हर

बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या मुलांना ८०८५ शिकवताना आयएन आणि आऊट अशा दोन सूचना येतात. पोर्टचा पत्ता आठ बिटांचा, म्हणून पोर्ट २५६. मुलं एवढं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. खरं तर याच दोन सूचनांचं बोट धरून मुलांना आजच्या क्लाऊडपर्यंत नेता येतं. पालकांनीही हा पाठ वाचावा, कारण "कर्नेलचं काम शिकायचं तर बंगळुरूलाच जायला हवं" हा समज आपल्या रत्नागिरीत बऱ्यापैकी पक्का आहे.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. नेटवर्क कार्डाच्या कोणत्या रजिस्टरात काय लिहिलं की पॅकेट बाहेर पडतं, हे गाभ्याला स्वतःला ठाऊक नसतं. ते ज्याला ठाऊक असतं तो कर्नेलमधला भाग म्हणजे ड्रायव्हर. शेवटी तोही आयएन-आऊटच करतो, किंवा मेमरीच्या ठरावीक पत्त्यावर लिहितो.

आता मुलांना प्रश्न टाकायचा: व्हर्च्युअल मशीनमध्ये कार्डच नाही, मग आऊट केलेला बाइट जातो कुठे?

वर्गाला थोडा वेळ द्या, उत्तर लगेच सांगू नका. होतं असं, की प्रोसेसर पाहुण्या सिस्टिमला तिथेच थांबवतो आणि ताबा यजमानाकडे देतो. इंटेलच्या प्रोसेसरात ही सोय २००५ पासून आली, एएमडीच्या २००६ मध्ये. यजमानाकडे क्यूईएमयूसारखा प्रोग्रॅम बसलेला असतो. कोणत्या पोर्टवर काय लिहिलं ते तो बघतो, खऱ्या कार्डाने जे केलं असतं त्याची हुबेहूब नक्कल करतो, मग पाहुणा पुढे चालू. पाहुण्याला पत्ताच नाही की आपण नाटकात आहोत.

नाटक छान, पण महाग. एनई२००० हे जुनं कार्ड घ्या. त्यात पॅकेटचा मजकूरसुद्धा दोन-दोन बाइट करून पोर्टातून ढकलायचा. १५०० बाइटांच्या पॅकेटला ७५० वेळा. प्रत्येक वेळी पाहुण्याला थांबवून यजमानाकडे जायचं ठरलं तर कसं व्हायचं? बागेतून वाशी मार्केटला एकेक आंबा स्वतंत्र टेम्पोने पाठवण्यासारखं! नंतरची कार्डं इतकी वाईट नव्हती, तरी फेऱ्या होत्याच.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात चलाखीपेक्षा प्रामाणिकपणा जास्त आहे. पाहुण्याला सरळ सांगून टाकायचं की बाबा, तू पाहुणा आहेस, समोर कार्ड नाही. मग दोघांनी मिळून एक सोपी पद्धत ठरवायची. रस्टी रसेल यांनी लिनक्ससाठी अशी पद्धत लिहिली, तिचं नाव व्हर्टआयओ. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती होती.

पद्धत अशी. दोघांना दिसणाऱ्या मेमरीत दोन याद्या ठेवायच्या. पहिलीत पाहुण्याचा ड्रायव्हर नोंदवतो, "अमुक पत्त्यावर माल तयार आहे". अशा बऱ्याच नोंदी झाल्या की यजमानाला एकदाच हाक मारायची. यजमान माल उचलतो आणि दुसऱ्या यादीत लिहितो, "या जागा मोकळ्या झाल्या". भरलेले क्रेट वाशीला जातात, रिकामे परत येतात, तेच पुन्हा भरायचे. फक्त मुलांना इथे सावध करा: आंब्याचा क्रेट खरोखर प्रवास करतो, इथे माल जागेवरच राहतो आणि चिठ्ठी फिरते. हा फरक न सांगता दाखला सोडून दिला तर मुलं चुकीचं चित्र घेऊन घरी जातात.

हे काम फक्त परदेशातच झालं असं नाही. लिनक्समधल्या व्हर्टआयओ-कन्सोल ड्रायव्हरची फाईल उघडली तर माथ्यावर रस्टी रसेल यांच्याबरोबर अमित शाह हे नाव दिसतं. (नाव वाचून मुलं हसतील, हसू द्या. हे वेगळे.) रेड हॅटमध्ये असताना पुण्यातून त्यांनी हा ड्रायव्हर वाढवला. आधी एकच कन्सोल होता, पुढे एकाच उपकरणात अनेक पोर्ट आले. पाहुणा आणि यजमान यांच्यात कॉपी-पेस्ट चालतं ते अशाच एका पोर्टातून.

नकलेचा धोकाही सांगायला हवा. मे २०१५ मध्ये क्यूईएमयूमधली एक मोठी चूक जाहीर झाली, तिला व्हेनम म्हणतात. चूक होती फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेत! फ्लॉपी वापरणं लोकांनी केव्हाच सोडलं होतं, पण तिची नक्कल करणारा कोड २००४ पासून तसाच बसून होता. त्या वाटेने पाहुण्याला यजमानाच्या घरात शिरता येण्यासारखं होतं. आपण ज्याला निरुपयोगी म्हणून विसरतो, ते यंत्रात मात्र चालूच असतं.

लॅबमध्ये काय करता येईल? व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. त्यात लिनक्स टाका आणि आधी स्नॅपशॉट घ्या. मग मुलांना कर्नेलमध्ये हवा तो उद्योग करू द्या. ड्रायव्हर चुकला तर पाहुणा कोसळेल, शाळेचा कॉम्प्युटर शाबूत राहील आणि स्नॅपशॉटवरून दोन मिनिटांत परत सुरू. वेगळं हार्डवेअर विकत घ्यायला नको, मुख्याध्यापकांकडे अर्ज नको. फक्त मशीनला रॅम बरी हवी. ४ जीबीत काम रडतखडत होतं, ८ असेल तर उत्तम.

मशीन बंद करून सेटिंगमध्ये नेटवर्क कार्डाचा प्रकार बदला. एकदा इंटेल प्रो/१००० निवडा, एकदा व्हर्टआयओ. दोन्ही वेळा आत जाऊन एलएसपीसीआय ही आज्ञा चालवायला सांगा आणि यादीतली नावं वहीत लिहून घ्या. पहिल्या वेळी इंटेलचं कार्ड दिसेल, दुसऱ्या वेळी रेड हॅटचं. कोणीतरी नक्की विचारेल, "सर, रेड हॅट कार्डं बनवते?" नाही बनवत. १एएफ४ हा कंपनी-क्रमांक मुळात क्युमरानेट नावाच्या कंपनीचा. २००८ मध्ये रेड हॅटने ती विकत घेतली आणि क्रमांकही तिच्याकडे आला. कार्ड कुणीच बनवलेलं नाही, तरी त्याला कंपनी आहे, क्रमांक आहे आणि ड्रायव्हरही आहे. पुढचा तास याच प्रश्नापासून सुरू करा.