परदेशातून आलेले मूल

सन १९८९ च्या डिसेंबरात रुमानियातील चाउशेस्कूची सत्ता कोसळली, आणि तेथील अनाथालयांत पडून राहिलेली हजारो बालके जगाच्या दृष्टीस पडली. पुष्कळांस इंग्लंडातील कुटुंबांनी दत्तक घेतले. डॉक्टर मायकेल रटर व त्यांचे सहकारी ह्यांनी रुमानियातून दत्तक आलेल्या १६५ मुलांची वाढ अनेक वर्षे तपासली. सहा महिन्यांची होण्यापूर्वी आलेली बहुतेक मुले इतरांसारखीच वाढली. उशिरा आलेल्यांपैकी कित्येक मुले मात्र कोणाही परक्याबरोबर खुशाल चालू लागत, आईकडे वळूनही पाहत नसत.

वाचकहो, अशा मुलास आपण गोड स्वभावाचे म्हणतो! वास्तविक आपले कोण व परके कोण, हा भेदच त्यास कळलेला नसतो. म्हणून आरंभीच्या दिवसांत त्यास भरविणे, न्हाऊ घालणे, निजविणे ही कामे नव्या आईबापांनीच करावी, मग आजीस थोडे वाईट वाटले तरी चालेल. जेथे रडल्याने कोणी येत नसे तेथे वाढलेले मूल रडणेही सोडते. ते रात्री मुकाट जागे असले तरी उठून जवळ बसावे. पुढे एके दिवशी ते ठेचाळून भोकाड पसरील व शेजारणीच्या कडेवर राहीना, तेव्हा तिची क्षमा मागून त्यास आपल्याकडे घ्यावे.