सामाईक भिंतीतली गोचीड

"ह्याला मेंढरं धुवायची अक्कल नाय," असं आमचे चुलतभाऊ पारावर चारचौघांत बोलले, म्हणून हे लिहायला बसलो. दिवाळीआधी लोकर कातरली, कातरीच्या जखमा भरू दिल्या, मग डेल्टामेथ्रिनच्या पाण्यात एकेक मेंढी मी स्वतः बुडवली. तरी थोड्याच दिवसांत कानामागं, जांघेत, शेपटीखाली गोचीड हजर! कोकरांच्या पापण्या उलटून बघाव्या तर आत लाली नाही, नुसती पांढरी.

डॉक्टर आले ते मेंढ्यांकडं न बघता वाड्यात शिरले. आमच्या आणि चुलतभावाच्या गोठ्यामधल्या मातीच्या भिंतीत त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खुपसला. ढेकूळ निघालं, त्यामागं खसखशीसारखी तपकिरी अंडी पसरलेली आणि शेजारी वाळून गेलेली मादी. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून गळते, भेगेत शिरते, हजारो अंडी घालते आणि मरते. पिल्लं उपाशीपोटीही कित्येक आठवडे तग धरतात. मी मेंढ्या धूत होतो आणि भिंत नवी गोचीड पुरवत होती.

"अण्णा, दोघं मिळून लिंपून घेऊ, निम्मा खर्च माझा," म्हटलं. तर म्हणाले, "माझ्या गाईंना काय झालंय? तुझीच गोचीड हिकडं येती." हे बोलताना त्यांच्याच गाईच्या कासेला फुगलेल्या गोचिडी लोंबत होत्या, त्यांना तेवढ्या दिसल्या नाहीत. माझी बाजू मी लिंपली. त्यांच्या भेगा आजही तशाच.

तेव्हा आधी वाडा, मग मेंढी. भेगा बुजवा, लेंडीखत तळापर्यंत उपसा, मग भिंतीवर आणि कोपऱ्यांत फवारा. अंडी औषधानं मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा फवारायचं. शेजारच्या गाई-शेळ्यांचंही त्याच दिवशी झालं पाहिजे, पण ते कुणाला सांगायचं?

बुडवण्याआधी पोटभर पाणी पाजा. तहानलेली मेंढी औषधाचंच पाणी पिते. उन्हाची सकाळ धरा, म्हणजे दिवस मावळायच्या आत अंग वाळतं. उरलेलं पाणी ओढ्यात ओतू नका, मासे मरतात. खरूज असेल तर 1 टक्का आयव्हरमेक्टिन, 50 किलो वजनाला 1 मिली, कातडीखाली. वजन करूनच द्या. कमी डोस देत राहिलं की कीड औषधाला सरावते. इंजेक्शननंतर किती दिवस जनावर कापायला विकायचं नाही, ते बाटलीवर वाचा. विकत आणलेला मेंढा पहिले काही आठवडे वेगळा बांधा. बाकी स्वच्छता ठेवा, वेळेवर दवाखाना गाठा, हे सगळ्यांना पाठच आहे.

भिंत सामाईक असेल तर एकदा बोलून बघा. ऐकलं तर बरं, नाहीतर वाडाच हलवा. मी पावसाळ्याआधी दुसऱ्या टोकाला लोखंडी खांबांचा, पत्र्याचा वाडा घालतोय. खर्च अर्थातच एकट्या माझा.