गोळी लागू पडेपर्यंतचे दिवस

अगं, गेले दोन महिने फोनवर तू "काही नाही गं ताई, जरा बरं नाही वाटत" एवढंच म्हणतेस. आई म्हणते, टेकडीच्या गणपतीला जाऊन ये. सासूबाई म्हणतात, सगळं तर आहे हिला, कमी कशाची? दोघीही मायेनंच बोलतात. पण पहाटे साडेतीनला जाग येऊन उजाडेपर्यंत छताकडे बघत पडणं, जीव की प्राण असलेले तर्री-पोहेही बेचव लागणं, लेकराचं दप्तर भरतानासुद्धा हात जड होणं, हे दर्शनानं किंवा दटावण्यानं जाणारं नाही. मला हे डिप्रेशन वाटतं. खरं काय ते डॉक्टर ठरवतील, पण ठरवू तर द्यायला हवं ना त्यांना!

"माझंच काहीतरी चुकलं" हे आधी डोक्यातून काढ. हा आजार एका कारणानं होत नाही. घराण्यात कुणाला असला तर धोका थोडा वाढतो. त्यावर बाळंतपण, कर्ज, जवळच्याचं जाणं, घरातली दारू, मारहाण, लांबलेलं दुखणं असं काहीबाही साचत जातं. कधी तर वरून दिसणारं कारणच नसतं. सुखवस्तू घरातही तो येतो, म्हणून "तुला कशाचं दुःख" या प्रश्नाला उत्तर देत बसू नकोस.

डॉक्टर काय करतात याची तुला धास्ती आहे, ती मला कळते. ते बोलतात, विचारतात. झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, स्वतःबद्दल काय वाटतं. यातल्या बऱ्याच गोष्टी दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज होत असतील आणि कामधाम अडत असेल, तर ते निदानाकडे जातात. रक्ताच्या तपासणीत डिप्रेशन दिसत नाही. तरी ते थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघायला सांगतील, कारण यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो. पूर्वी कधी उलटं झालं होतं का, म्हणजे झोप नसतानाही अंगात भलताच उत्साह, वारेमाप खर्च, असंही विचारतील. तसं असेल तर आजार वेगळा आणि औषधही वेगळं, तेव्हा ते लपवायचं नाही.

"लोक काय म्हणतील" हे तर आहेच. आपल्याकडे नागपुरात मानकापूरच्या मनोरुग्णालयाचं नाव निघालं की लोक अजून "पागलखाना" म्हणतात. १८६४ सालापासूनची ती जागा, भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पण आपल्याला तिथेच जायला हवं असंही नाही. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मेयो रुग्णालयात, मिहानमधल्या एम्समध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. इतर आजारांच्या रांगेत उभं राहावं तसं उभं राहायचं, केसपेपर काढायचा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, त्याची गोष्ट मला फार धीर देते. तीस गावांत गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं, ऐकून घ्यायला लावलं, गरज पडली तिथे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. गावं तीच होती, शेतीची ओढगस्तही तीच. कुणीतरी दारात येऊन विचारलं, एवढाच फरक.

आता औषधाचं ऐक, कारण माणसं हरतात ती इथेच. एसिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिनसारखी गोळी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मळमळेल, डोकं दुखेल, बेचैनीही वाढू शकते. फायदा मात्र दोन-चार आठवड्यांनी दिसायला लागतो, पुरता यायला सहा-आठ लागतात. म्हणजे आधी त्रास, मग गुण! आपल्या मामेबहिणीनं दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून अर्धी पट्टी ड्रॉवरमध्ये टाकून दिली होती. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हे दिवस आधीच समजावले आणि ती निभावून गेली. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण मनानं एकदम बंदही करायच्या नाहीत. बरं वाटल्यावरही सहा महिने तरी चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण क्वचित मरणाचे विचार वाढतात. सौम्य आजार नुसत्या समुपदेशनानंही आटोक्यात येतो. त्यात मन लागायची वाट न बघता आधी हातपाय हलवायला शिकवतात. अंबाझरी तलावाला फेरी मारणं जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या दूध सेंटरपर्यंत जा. तेवढंही पुरे.

आणि एक गोष्ट सरळ विचारते. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?

असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. उलट इतके दिवस एकटीनं वाहिलेलं सांगायला जागा मिळते. "मी गेले तर सगळे सुटतील" असं वाटणं हा आजाराचा आवाज आहे, तो तुझा निकाल नाही. येत असतील तर कधी, कितीदा, काही ठरवलं आहे का, हेही मला सांग. मी रागावणार नाही, पण गुपित ठेवीन असं वचनही देणार नाही. जावईबापूंना सांगेन, तुला एकटं सोडणार नाही, त्याच दिवशी मेडिकलच्या कॅज्युअल्टीत नेईन. ती लाट फार जोराची असते, पण बहुतेकदा ओसरते. तोवर घातक वस्तू हाताशी नसल्या की जीव वाचतो. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या. म्हणून काटोलच्या घरातली फवारणीची औषधं बाबांना कुलपात ठेवायला सांगितली आहेत. तुझ्या गोळ्या सुरू झाल्या की त्याही जावईबापूंकडेच राहतील.

पोलीस केसच्या भीतीनंही लोक गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, असं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही.

रात्री-अपरात्री मला फोन कर. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. टेली-मानसचा नंबर आहे तो, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

सोमवारी सकाळी आठला तयार राहा, मी घ्यायला येते. लेकराला आईकडे सोडू. तोवर एका कागदावर लिही: किती वाजता जाग येते, काय खाल्लं जातं, सध्या कोणती औषधं चालू आहेत, आणि जे तोंडानं सांगता येत नाही तेही. डॉक्टरांना कागद दाखवला तरी चालतो.