आडनाव बदलायचंय? आधी खर्च बघा

पोटदुखे, ढेकणे, बोबडे, गाढवे, उकिडवे, झोपे. आडनावं अस्सल मराठी, आणि ती लावणाऱ्यांना शाळेच्या हजेरीपासून लग्नपत्रिकेपर्यंत तेच ते विनोद ऐकावे लागतात. बोबडे आडनावाचे गृहस्थ देशाचे सरन्यायाधीश झाले, पोटदुखे चंद्रपुरातून चार वेळा लोकसभेवर गेले. पण पाचवीतल्या पोराला त्याचं काय? आडनाव धड असून जोडी बिघडते ती वेगळीच. माहेरचं हसबनीस आणि सासरचं रडे अशी दोन्ही लावायची हौस असेल तर दाराची पाटी करण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघावी. आद्याक्षरांचंही तसंच. गोविंद बळवंत रणदिवे हे भारदस्त नाव कपाटावर थोडक्यात लिहिलं की गो. ब. र. होतं.

बदल करता येतो. नावावर आपला हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जिग्या यादव खटल्यात २०२१ साली म्हटलं आहे. पैशांचं म्हणाल तर पासपोर्ट धरून सगळा सरकारी खर्च साधारण तीन हजारांच्या घरात बसतो. महाग पडतं ते पुढचं निस्तरणं.

पहिलं काम राजपत्र, म्हणजे लोकांच्या भाषेत गॅझेट. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे अर्ज ऑनलाइन करायचा. जुन्या नावाचा पुरावा, फोटो, सही आणि बदलाचं कारण लागतं: विवाह नोंदणीचा दाखला, घटस्फोटाचा हुकूम, नाहीतर प्रतिज्ञापत्र. फी हजाराच्या आत-बाहेरची असते आणि अधूनमधून बदलते, म्हणून पडद्यावर जो आकडा दिसेल तोच खरा धरा. मागासवर्गीयांना सवलत आहे, पण जातीचा दाखला जोडायला विसरलात तर ती मिळत नाही. कोर्टाच्या आवारातले एजंट याच कामाचे कितीतरी पट पैसे घेतात. ज्याला रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढता येतं त्याला हा अर्जही भरता येतो.

घाई करू नये ती एकाच जागी, नावाच्या रकान्यांत. जुनं नाव आणि नवं नाव, दोन्ही मराठीत आणि इंग्रजीत, अक्षर न् अक्षर तपासा. राजपत्राच्या पानावर जुन्या-नव्या नावांच्या ओळींखाली ओळी छापलेल्या असतात, आणि तुमच्या ओळीत एक काना राहिला तर पुन्हा त्याच रांगेत उभं राहावं लागतं. जुनं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं असेल, तर ते अर्जाआधी निस्तरा. एका राजपत्राने तीन जुन्या नावांची गाठ सुटत नाही.

प्रतिज्ञापत्राच्या मुद्रांकावर हमखास फसगत होते. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला. मात्र शासकीय कार्यालयांत दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना ही आकारणी माफ आहे आणि ही माफी २००४ पासूनची आहे. तरीही खिडकीवर ‘पाचशेचा बाँड आणा’ असं सांगणारे भेटतात. ते प्रतिज्ञापत्र कुठे द्यायचं आहे ते आधी विचारा, मग पाकीट उघडा. नोटरीचे वेगळे.

पुढचा क्रम पाळलात तर हेलपाटे वाचतात. राजपत्र हातात आलं की आधी आधार. केंद्रावर नाव बदलायला ७५ रुपये पडतात. १ ऑक्टोबर २०२५ च्या आधी ५० होते. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा एक संधी स्पेलिंगच्या खेळात घालवू नका. मग पॅन: छापील कार्ड घरपोच १०७ रुपये, नुसतं ई-पॅन ७२. आधार आणि पॅनवरची नावं जुळली नाहीत तर जोडणी अडते, म्हणून या दोघांत फार दिवस जाऊ देऊ नका. मतदार यादीत नमुना ८ भरायचा, तो फुकट. बँक पैसे मागत नाही, पण जुन्या नावाचे पुढच्या तारखांचे धनादेश कुणाला दिले असतील तर ते आधी परत घ्या. पासपोर्टला ३६ पानांचे १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २०००. लग्नाचं कारण नसताना नाव बदललं असेल तर पासपोर्टसाठी प्रतिज्ञापत्र आणि दोन वृत्तपत्रांतल्या जाहिरातींची कात्रणं लागू शकतात. छोट्या जाहिरातीचे दर काही शेकड्यांपासून सुरू होतात आणि मोठ्या दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत चांगलेच चढतात.

घराचं खरेदीखत पुन्हा करायची गरज नाही. राजपत्राची प्रत त्यालाच जोडून ठेवा आणि सोसायटीला लेखी कळवा. शेतजमीन असेल तर सातबारावर फेरफार मात्र करून घ्या. विक्रीच्या वेळी तो हटकून आठवतो.

शाळेत मात्र पैसे देऊन काम होत नाही. विद्यार्थी शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत जनरल रजिस्टरमधली नोंद बदलता येते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला निघाला की माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे उघड दिसणारी चूकच तेवढी दुरुस्त होते, आवडनिवड चालत नाही. म्हणजे मुलाचं आडनाव बदलायचंच असेल तर दहावीच्या बोर्डाचा अर्ज भरण्याआधी. त्यानंतर गुणपत्रिका जुन्या नावाची आणि सोबत राजपत्र, ही जोडी जन्मभर घेऊन हिंडायचं.

राखीव प्रवर्गातल्या कुटुंबांनी तर दहादा विचार करावा. जात पडताळणी समिती वडील, आजोबा, चुलते यांच्या जुन्या नोंदी मागते: अनुसूचित जातींसाठी १९५० च्या, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ च्या आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ च्या आधीच्या. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जुनं आडनाव आणि नातवाच्या अर्जावर नवं, असं झालं की वंशावळ जुळवायची जबाबदारी तुमच्यावर येते. राजपत्र असेल तर ती जुळते. ‘आम्ही घरीच बदललं’ म्हणाल तर फायली अडकतात.

परदेशी जाणाऱ्यांचा प्रश्न बहुतेकदा स्पेलिंगचा असतो. दीक्षित सरळ इंग्रजीत लिहिलं की शेवटची चार अक्षरं एस-एच-आय-टी अशी येतात. मधे एक्स घातला की प्रश्न मिटतो, आणि हजारो दीक्षित तसंच लिहितात. मात्र हा शहाणपणा पहिला पासपोर्ट काढण्याआधी सुचायला हवा. नंतर व्हिसा, पदवी आणि पगाराच्या चिठ्ठ्या सगळ्यांची स्पेलिंगं जुळवत बसावं लागतं.

सगळ्यात स्वस्त नामबदल पाळण्यातला. जन्माची नोंद नाव न घालता करता येते आणि बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही. विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. त्या वर्षभरात नाव आडनावासकट मोठ्याने हाक मारून बघा. १ मे २०२४ पासून सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे, तेव्हा आद्याक्षरं आता चार होतात. तीही एकदा कागदावर मांडा.

काही नावं हसण्यावारी नेण्यासारखी नसतातच. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरबा ठेवायची जुनी रीत होती. पण मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं ‘नकुसा’ त्यात मोडत नाही. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींनी समारंभपूर्वक नवी नावं घेतली. तिथे खर्चाचा हिशेबच काढू नये, बदल करून टाकावा.

विनोदापुरतं आडनाव असेल तर माझं मत थांबा असं आहे. धंद्यात, नाटकात, लेखनात वेगळं नाव लावायला राजपत्र लागत नाही. करार आणि बँक तेवढी खऱ्या नावाने. लग्नानंतर आडनाव बदलायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही, त्यामुळे माहेरचं बरं असेल तर तेच ठेवावं, एक रुपया लागत नाही. गोव्यात जन्मलेल्यांनी हे सारं गृहीत धरू नये: तिथे नावबदलाचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि वाट सिव्हिल रजिस्ट्रारकडून जाते. बडोदा-इंदूरकडच्या मराठी मंडळींनी आपापल्या राज्याचं राजपत्र बघावं.

आणि बदल झालाच तर राजपत्राची डिजिटल सहीची पीडीएफ दोन ठिकाणी जपून ठेवा. जुन्या नावाचे दाखले आणि गुणपत्रिका रद्दीत घालू नका. निवृत्तिवेतनाच्या फायलीपर्यंत ते मागितले जातात.