काचेंतील कण आणि सूर्याचा अग्नि

आमच्या विठ्ठलवाडीच्या शाळकरी मुलांस एक खेळ ठाऊक आहे. भिंगांतून सूर्यकिरण कागदावर एकवटले, कीं कागद जळूं लागतो. आज आम्ही ज्या शोधाचा विचार करणार आहों, तो ह्याच खेळाचा थोरला भाऊ होय.

सूर्यामध्यें हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांस जुळून प्रचंड उष्णता उत्पन्न होते. ही क्रिया पृथ्वीवर साधली, तर समुद्राच्या पाण्यांतील जड हायड्रोजनपासून विपुल वीज मिळेल. १९५५ सालीं जिनीव्हा येथील परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा ह्यांनीं वीस वर्षांत हें घडेल असें भाकीत केलें होतें. तें अद्यापि पुरें झालें नाहीं. असें कां व्हावें?

एक मार्ग लेसरचा आहे. निओडिमियम मिसळलेल्या काचेवर प्रखर दिवे पाजळले, कीं काचेंत शक्ति सांठते. तिच्यांतून जाणारा लेसरकिरण ती शक्ति घेऊन बलवान होतो. अशा किरणांच्या योगें मोहरीएवढी इंधनाची गोळी दाबावयाची असते.

परंतु काचेचे दोन दोष आड येतात. काच वितळविण्याच्या प्लॅटिनमच्या मुशींतून सूक्ष्म कण तिच्यांत उतरतात. प्रखर किरण पडतांच ते तापून फुटतात व काच बिघडते. रसांतून प्राणवायु सोडून हे कण विरघळविण्याची युक्ति निघाली. दुसरा दोष असा, कीं काच लवकर निवत नाहीं; एकदां किरण सोडल्यावर तासचे तास थांबावें लागतें. त्यावर पातळ काचांमधून हेलियम वायु खेळविण्याचा आणि दिव्यांऐवजीं कमी तापविणारे डायोड वापरण्याचा उपाय योजिला जात आहे.

५ डिसेंबर २०२२ रोजीं कॅलिफोर्नियांत १९२ किरणांनीं २.०५ मेगाजूल शक्ति लक्ष्यावर टाकली, परत ३.१५ मेगाजूल मिळाली. हा मोठा विजय खरा. तथापि वडील मंडळींनीं वीजबिलाच्या मापानें पाहावें: मिळालें तें एका युनिटाहूनहि कमी, आणि लेसर चालविण्यास लागले सुमारें ८३ युनिट! ही तूट भरून काढणें हेंच पुढचें काम आहे.

आमच्या देशांतहि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रांत अशा काचेच्या लेसरांवर संशोधन झालें आहे. डोळ्यांस न दिसणारा एक कण एवढ्या मोठ्या यंत्रास अडवितो. विद्यार्थ्यांनो, तो शोधून काढणारी चिकाटी वर्गांतील लहानशा प्रयोगापासूनच अंगीं बाणते, हें विसरूं नका.