नितळ पाणी आणि धातूंचे विष

नितळ पाणी म्हणजे निर्दोष पाणी, अशी समजूत मुलांचीच नव्हे, तर थोरांचीही असते. पाण्याचा पाठ घेताना शिक्षकांनी ह्या समजुतीची अवश्य दखल घ्यावी.

डोहात पालापाचोळा कुजला की पाण्यास चहासारखा तपकिरी रंग येतो. हा रंग मळाचा नव्हे. तो विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याचा होय. तांब्यासारख्या धातूंस हे द्रव्य स्वतःशी बांधून ठेवते. पाण्यात मोरचूद मिसळले असता तांब्याचे मुक्त आयन माशाच्या कल्ल्यांस चिकटतात; पाण्यातील सोडियम शरीरात घेण्याचे कल्ल्यांचे कार्य खुंटते व मासा मरतो. सेंद्रिय द्रव्य विपुल असल्यास बरेचसे तांबे त्यातच जखडले जाते. म्हणून ज्या मात्रेने नितळ पाण्यातील मासे मरतात, त्याच मात्रेत रंगीत पाण्यातील मासे वाचू शकतात. पाण्यात तांबे किती, एवढेच मोजून भागत नाही, ते ह्यामुळेच.

सूर्याचे अतिनील किरण ह्या द्रव्याच्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतात. रंग फिका पडतो, धातू बांधण्याची शक्ती बहुधा घटते आणि किरण अधिक खोल उतरू लागतात. तथापि ऊन सर्वस्वी अपकारक, असे मात्र शिकवू नये. माशांतून माणसाच्या पोटात जाणाऱ्या पाऱ्याच्या विषारी मेथिल-संयुगाचे विघटन तळ्याच्या वरच्या थरात उन्हानेच होते.

कॅनडातील सडबरी येथे तांबे व निकेल गाळणाऱ्या भट्ट्यांच्या धुराने विसाव्या शतकात सुमारे ७,००० तळी आम्लधर्मी झाली. त्यांतील एकाचे नाव क्लिअरवॉटर, अर्थात नितळ पाणी! आम्लामुळे तेथील सेंद्रिय द्रव्य घटले, उरलेल्याची धातूंवरील पकड सैल झाली, पाणी आरशासारखे दिसू लागले आणि त्यात मासा उरला नाही. पुढे धूर आवरण्यात आला, तेव्हा त्या परिसरातील तळ्यांत हे द्रव्य पुन्हा वाढू लागले. पाण्यास परत आलेली रंगाची छटा ही तेथे बिघाडाची नव्हे, सुधारणेची खूण होय.

वर्गात काचेच्या दोन पेल्यांपैकी एकात स्वच्छ पाणी व दुसऱ्यात पाला भिजवून गाळलेले पाणी घ्यावे. मागे पांढरा कागद धरून प्रकाश कोठे अधिक अडतो, ते मुलांकडूनच वदवून घ्यावे. मोरचूद मुलांच्या हाती देऊ नये. तसेच रंगीत पाणी पिण्यास योग्य, असा अर्थ त्यांनी घेऊ नये, हेही त्याच वेळी स्पष्ट करावे.